सत्तावीस ओळींचा वारसा

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की वाटेत नेकनूर लागतं. बीड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, म्हणून इथे जमिनीचा वाद निघाला की आजही १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल शोधावी लागते. तलाठी सज्जात अर्धा तास बसलं तरी एक तक्रार हमखास कानावर पडते. आजा वारला, वारस फेरफार झाला, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं चढली. आता अख्खा गट विकायचा तर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, आणि एक चुलता फार वर्षांपूर्वी मुंबईला गेला तो गेलाच. त्याला जमीन नको आहे. आपलं नाव उताऱ्यावर आहे हेही त्याला ठाऊक नसेल. पण तो येऊन हक्कसोडपत्र करत नाही तोवर व्यवहार अडला.

नेटवर्क सर्व्हर सांभाळणाऱ्यांची तक्रारही अक्षरशः हीच आहे, आणि ती चाळीस वर्षं जुनी आहे. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रणेत एका प्रोसेसने दुसरीला जन्म दिला की पेरेंटकडे उघडी असलेली प्रत्येक फाइल, प्रत्येक पाइप, प्रत्येक सॉकेट चाइल्डच्या नावावर आपोआप चढतं. चाइल्डने ते मागितलेलं नसतं. त्याला त्याचं काही करायचंही नसतं. पण शेवटच्या वारसाने सोडल्याशिवाय ते सॉकेट बंद होत नाही. ही वारस नोंद कुणी सुरू केली आणि ती निस्तरायला किती खस्ता खाव्या लागल्या, त्याची ही हकिकत.

सुरुवात न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये झाली, १९६९ साली. केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ नावाच्या, तेव्हाही जुन्या झालेल्या यंत्रावर युनिक्सचं पहिलं रूप उभं केलं; डेनिस रिची सोबतीला होते. त्या पहिल्या रूपात प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रोसेस असायची. शेल आज्ञा वाचायचा आणि त्या आज्ञेचा प्रोग्राम शेलच्याच जागेवर मेमरीत येऊन बसायचा. काम उरकलं की शेल डिस्कवरून परत आणायचा. एका प्रोसेसच्या दोन करणारा 'फोर्क' थोडा नंतर आला. ती कल्पना या दोघांची नव्हती. मेल्विन कॉनवे यांनी ती १९६३ मध्ये मांडली होती आणि बर्कलीच्या जिनी प्रकल्पात ती वापरलीही गेली होती. थॉम्प्सन यांनी ती उचलली, कारण त्यांच्या यंत्रणेत ती जवळजवळ फुकटात बसत होती. प्रोसेस डिस्कवर नेऊन ठेवायची सोय आधीच होती. नेऊन ठेवलेली प्रत हीच दुसरी प्रोसेस मानली की झालं. रिची यांनी पुढे १९७९ मध्ये लिहून ठेवलंय की पीडीपी-७ वरच्या फोर्कला असेम्ब्लीच्या नेमक्या २७ ओळी पुरल्या.

फोर्क चालू झाला त्या आनंदातच पहिली भानगड उघडकीला आली. चालू डिरेक्टरी बदलणारी आज्ञा चालेनाशी झाली. आज्ञा दिली तरी माणूस होता तिथेच. मंडळींनी कोड पुन्हा पुन्हा वाचला, आणि शेवटी उमगलं की आज्ञा बिनचूक चालते आहे, फक्त ती आता चाइल्डमध्ये चालते. चाइल्ड आपली डिरेक्टरी बदलतं आणि मरून जातं. पेरेंट शेलला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हापासून ती आज्ञा शेलच्या पोटातच असते. आपण रोज 'सीडी' टाइप करतो त्यामागे ही फजिती आहे.

दुसरी भानगड सावकाश वर आली, आणि आपल्या गोष्टीचं मूळ तिच्यात आहे. फायलीत आपण कुठवर वाचलं किंवा लिहिलं, तो आकडा सुरुवातीला प्रोसेसच्या पोटात ठेवलेला असे. आता एका कमांड फाइलमध्ये दोन आज्ञा आहेत असं धरा: आधी फायलींची यादी देणारी 'एलएस', मग कोण कोण लॉग-इन आहे ते सांगणारी 'हू'. दोन्हींचं लिखाण एकाच फायलीत जायचं आहे. पहिलं चाइल्ड यादी लिहून मेलं. त्याच्याबरोबर कुठवर लिहिलं हा आकडाही गेला. दुसरं चाइल्ड आलं ते शून्यापासून लिहू लागलं आणि आधीची यादी पुसली गेली. यावर तोड निघाली ती अशी: तो आकडा प्रोसेसमधून काढून कर्नलच्या, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या, एका सामाईक तक्त्यात ठेवायचा. पेरेंट आणि चाइल्ड दोघांकडे त्या तक्त्यातल्या एकाच नोंदीकडे बोट दाखवणारा क्रमांक राहील. एक पुढे सरकला की दुसराही सरकेल.

माझ्या मते दुरुस्ती अचूक होती. एका शेलमागोमाग चार आज्ञा एकाच फायलीत लिहितात, तिथे सामाईक नोंदच हवी. पण तिच्याबरोबर एक गोष्ट न बोलता ठरून गेली: सगळं उघडं सामान चाइल्डकडे जाईल, आणि नको असलेलं टाकून देण्याची जबाबदारी चाइल्डची. त्या काळी उघड्या फायली असायच्या तरी किती? पुढे आलेल्या सातव्या आवृत्तीतही एका प्रोसेसला २० ची मर्यादा होती. सामानच मोजकं, त्यामुळे टाकून देण्याचा त्रास कुणाला जाणवला नाही.

१९७३ मध्ये बेल लॅब्जमधल्याच डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहाने पाइप, म्हणजे एका प्रोसेसचं लिखाण थेट दुसरीला वाचायला देणाऱ्या नळ्या, आल्या आणि ठसका लागायला सुरुवात झाली. पाइप वाचणाऱ्याला 'संपलं' हे तेव्हाच कळतं, जेव्हा लिहिण्याचं टोक धरून बसलेल्या सगळ्या प्रोसेस ते सोडतात. वाचणारा स्वतःकडचंच लिहिण्याचं टोक बंद करायला विसरला, तर तो स्वतःचीच वाट पाहत बसतो. युनिक्स शिकणाऱ्या प्रत्येक पोराने हे एकदा तरी भोगलेलं असतं.

तरी पाइप एकाच यंत्रातले. खरी अडचण जग जोडायला घेतल्यावर सुरू झाली.

१९८० मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाला युनिक्स सुधारण्याचं काम दिलं. रॉबर्ट फॅब्री प्रमुख, बिल जॉय मुख्य कारागीर. टीसीपी/आयपी या नेटवर्कच्या नियमावलीचा कोड बीबीएन या कंपनीकडून आला होता. जॉय यांनी तो घेतला आणि आपल्या मताप्रमाणे फिरवून लिहिला. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट टीसीपी/आयपीवर गेला आणि त्याच वर्षी ४.२ बीएसडी बाहेर पडलं. त्यात होतं सॉकेट. बर्कलीकरांनी ठरवलं की नेटवर्कवरचं कनेक्शनही प्रोग्रामला फायलीसारखंच दिसावं. तोच क्रमांक, तेच वाचणं-लिहिणं. त्यामुळे जुने प्रोग्राम काही न बदलता नेटवर्कवर बोलू लागले. हा निर्णय किती मोलाचा होता हे वेगळं सांगायला नको. पण फायलीसारखं म्हटल्यावर फायलीचा वारसाहक्कही आला.

सर्व्हर लिहिण्याची रीत तेव्हाच रूढ झाली. पेरेंट एका पोर्टवर 'लिसन' करून बसतो. कुणी आलं की 'अ‍ॅक्सेप्ट' करतो, त्यातून त्या ग्राहकापुरतं नवं सॉकेट मिळतं. मग फोर्क. चाइल्ड ग्राहकाशी बोलतं, पेरेंट पुन्हा दाराशी. फोर्क झाल्या क्षणी दोन्ही सॉकेट दोघांच्याही नावावर आहेत, म्हणून दोन गोष्टी न विसरता करायच्या: पेरेंटने ग्राहकाचं सॉकेट सोडायचं आणि चाइल्डने लिसनचं.

पेरेंट विसरला तर चाइल्ड काम संपवून मरतं, पण कनेक्शन संपत नाही. 'क्लोज' म्हणजे फक्त आपलं नाव कमी करणं. शेवटचं नाव कमी झाल्यावरच कर्नल पलीकडे 'आता संपलं' असा निरोप पाठवतो. पलीकडचा ग्राहक ताटकळत राहतो, इकडे पेरेंटकडे मेलेल्या चाइल्डच्या सॉकेटांचा ढीग साचतो, आणि एका दुपारी 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणून सर्व्हर हात वर करतो. वारस कितीही असोत, बोलणं तिथल्या तिथे थांबवायचं असेल तर 'शटडाउन' ही वेगळी आज्ञा आहे. 'क्लोज' आणि 'शटडाउन' यांतला फरक न समजल्यामुळे किती रात्री वाया गेल्या असतील, याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये नाही. चाइल्ड विसरलं तर रोग उलटा. त्याच्याकडे पुढे येतो.

१९८६ च्या ४.३ बीएसडीमध्ये हाच वारसा मुद्दाम कामाला लावला गेला. टेलनेट, एफटीपी, फिंगर अशा प्रत्येक सेवेसाठी वेगळा सर्व्हर दिवसभर जागा ठेवण्याऐवजी 'आयनेटडी' नावाचा एकच पेरेंट सगळ्या पोर्टांवर बसू लागला. ग्राहक आला की फोर्क करायचा, सॉकेट चाइल्डच्या शून्य, एक आणि दोन क्रमांकांवर, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्याच्या जागी लावायचं आणि खरा प्रोग्राम सुरू करायचा. त्या प्रोग्रामला नेटवर्क नावाची चीज आहे हेच माहीत नसायचं. युनिक्सच्या इतिहासातलं हे मला सगळ्यात देखणं काम वाटतं.

त्याची किंमत दोनच वर्षांत कळली. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा किडा, म्हणजे यंत्रातून यंत्रात आपोआप पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर सुटला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक फिंगरच्या सर्व्हरमधून जात होती. ५१२ बाइटच्या जागेत त्याने ५३६ बाइट कोंबले आणि प्रोग्रामला शेल चालू करायला लावलं. तो शेल सरळ हल्लेखोराच्या हातात कसा गेला? आयनेटडीने सॉकेट आधीच कीबोर्डच्या जागी लावून ठेवलं होतं. नवा शेल त्याच जागा वारशाने घेऊन जन्मला. किड्याला वेगळं कनेक्शन उघडावंच लागलं नाही. सुमारे ६००० यंत्रांना लागण झाली होती, असा तेव्हाचा अंदाज.

आपल्याकडे तेव्हा नेटवर्क नुकतं रांगत होतं. मुंबईत जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली उभी होती. शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांच्या जोडीला ती होती. १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ-येऊ लागली. जुहू ते पवई हे अंतर लोकल-बसने गाठता येण्याजोगं, पण देशाच्या इंटरनेटचा तो पहिला पल्ला होता. १९८९ मध्ये डॉट-इन नोंदलं गेलं आणि एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ९.६ किलोबिटची भाड्याची लाइन पडली. या संस्थांमधली यंत्रं युनिक्सची, आणि त्यामुळे बर्कलीचं वारसा-प्रकरणही त्यांच्याबरोबरच आलं. मॉरिस बाख यांचं युनिक्सवरचं १९८६ चं आणि रिचर्ड स्टीव्हन्स यांचं नेटवर्क प्रोग्रामिंगवरचं १९९० चं पुस्तक भारतीय स्वस्त आवृत्तीत मिळू लागलं, तसं ते इंजिनिअरिंगच्या पोरांपर्यंत पोचलं. स्टीव्हन्स यांनी त्या दोन 'क्लोज'चं गणित सांगितलं तितक्या स्वच्छपणे नंतर कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी अपाची नावाचा वेब सर्व्हर जन्मला. त्याचा पूर्वज, रॉब मॅकूल यांचा एनसीएसए सर्व्हर, ग्राहक आला की फोर्क करायचा. वेबवर गर्दी वाढली तसा तो दमला. अपाचीने चाल बदलली: चाइल्ड आधीच जन्माला घालून ठेवायची आणि सगळ्यांनी वारशात मिळालेल्या एकाच लिसन सॉकेटवर अ‍ॅक्सेप्टसाठी टपून बसायचं. इथे वारसा हा अपघात राहिला नाही, सर्व्हरचा पायाच झाला, आणि नव्या जातीचे रोग आले. एक ग्राहक आला की कर्नल सगळ्या चाइल्डना उठवायचा. एकाला काम मिळायचं, बाकीचे परत झोपायचे. यंत्राची बरीच ताकद या उठबशीत जायची.

दोन पोर्ट असले की प्रकरण आणखी बिघडायचं. पोर्ट ८० वर हालचाल दिसली म्हणून सगळी चाइल्ड तिथे अ‍ॅक्सेप्ट करायला धावली, एकाला ग्राहक मिळाला, उरलेली तिथेच अडकून पडली. दुसऱ्या पोर्टवर ग्राहक उभा, आणि त्याला विचारायला कुणी नाही. अपाचीच्या मंडळींनी अ‍ॅक्सेप्टभोवती कुलूप घातलं: एका वेळी एकानेच दाराशी जायचं. लिनक्स कर्नलने २००१ च्या २.४ आवृत्तीत अ‍ॅक्सेप्टवर झोपलेल्यांपैकी एकालाच उठवायला सुरुवात केली. पुढे एकाच वेळी अनेक सॉकेटांवर नजर ठेवणारा 'ईपोल' आला तेव्हा हीच गर्दी दुसऱ्या वाटेने परतली आणि २०१६ च्या ४.५ आवृत्तीत तिच्यासाठी वेगळा पर्याय घालावा लागला. ईपोलची आणखी एक खोड आहे. तो क्रमांकावर नजर ठेवत नाही, क्रमांकामागच्या सामाईक नोंदीवर ठेवतो. पेरेंटने सॉकेट बंद केलं तरी चाइल्डकडे ते उघडं असेल, तर पेरेंटला बंद केलेल्या सॉकेटवरच्या हालचाली कळत राहतात. युनिक्सच्या सुरुवातीचा तो सामाईक तक्ता असा अजून पाठ सोडत नाही.

आता त्या उलट्या रोगाकडे. नेकनूरच्या सेवा केंद्रात कुणी डिजिटल सहीचा सातबारा काढतं तेव्हाही पलीकडे कुठल्या तरी पोर्टवर कुणीतरी लिसन करत असतं. अशा सर्व्हरांच्या देखभालीत एक नमुना हमखास भेटतो. पोर्ट ८०८० वर ॲप चालू आहे. एका बारीक कामासाठी ते एक शेल स्क्रिप्ट सुरू करतं, आणि त्या स्क्रिप्टमध्ये 'स्लीप ३६००' आहे. ॲप बंद करून पुन्हा चालू करायला जावं तर उत्तर येतं: 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज'. 'पीएस'मध्ये पाहावं तर ॲपचा मागमूस नाही. ब्राउझरमधून पाहावं तर आणखी चमत्कारिक: कनेक्शन जुळतं आणि पुढे काहीच होत नाही. कारण हात मिळवायचं काम कर्नल स्वतःच करतो आणि ग्राहकाला रांगेत उभं करतो. अ‍ॅक्सेप्ट म्हणणारा मात्र मेलेला असतो. नवखा माणूस इथे 'रीयूज-अ‍ॅड्रेस'चा पर्याय लावून बघतो. लिनक्सवर त्याचा उपयोग नाही, कारण लिसन करणारं सॉकेट खरोखरच जिवंत आहे.

मग 'एसएस' किंवा पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबेल यांनी लिहिलेलं 'एलएसओएफ' चालवावं. ८०८० समोर नाव येतं: स्लीप. काहीही न करणं एवढंच ज्याचं काम, तो प्रोग्राम सर्व्हरचं पोर्ट धरून बसलेला असतो. त्याला सॉकेट म्हणजे काय हेही ठाऊक नाही. ॲप चालू असतानाच 'प्रॉक' डिरेक्टरीत दोन्ही पीआयडींच्या 'एफडी'खाली पाहिलं, तर सॉकेटपुढच्या कंसात दोन्हीकडे एकच आयनोड क्रमांक दिसतो. वारस सापडला म्हणायचा. तो घरात शिरला कधी हे पाहायचं तर प्रोसेसचा माग काढणाऱ्या 'एसट्रेस'ला 'एफ'चा पर्याय द्यायला विसरू नये. नाहीतर तो पेरेंटचीच दिनचर्या सांगत बसतो, चाइल्डकडे ढुंकूनही पाहत नाही. जीडीबी या डीबगरचंही तसंच: फोर्कनंतर चाइल्डच्या मागे जा, असं त्याला बजावून सांगावं लागतं.

औषध जुनं आहे. सॉकेटवर 'क्लोज-ऑन-एक्झेक' ही खूण लावली की चाइल्ड नवा प्रोग्राम सुरू करताना कर्नल ते आपोआप बंद करतो. पण ही खूण सॉकेट उघडल्यावर, दुसऱ्या आज्ञेने लावावी लागत असे. एकाच प्रोसेसमध्ये अनेक कामं समांतर चालवणाऱ्या थ्रेडचा जमाना आला आणि या दोन आज्ञांमधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने फोर्क करण्याचा प्रसंग येऊ लागला. हा बग महिन्यातून एकदा दिसतो आणि दाखवायला गेलं की दिसत नाही. लिनक्सने २००७ मध्ये फायलींसाठी आणि २००८ मध्ये सॉकेटांसाठी उघडतानाच खूण लावायची सोय केली, त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅक्सेप्टलाही ती मिळाली. म्हणजे ४.२ बीएसडीनंतर तब्बल २५ वर्षांनी.

पायथन या भाषेने त्याहून धीट पाऊल टाकलं. व्हिक्टर स्टिनर यांनी २०१३ मध्ये मांडलेला प्रस्ताव स्वीकारला गेला आणि २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून पायथनने उघडलेलं काहीही, सांगितल्याशिवाय, नव्या प्रोग्रामकडे जात नाही. जुने प्रोग्राम मोडतील ही ओरड झाली. काही मोडलेही असतील. निर्णय बरोबरच होता. विंडोज एनटीमध्ये मुळापासून अशीच रीत आहे, हे युनिक्सवाल्यांनी खिलाडूपणे मान्य करायला हरकत नाही. सर्व्हरांपुरती तोड २०१३ मध्ये गूगलच्या टॉम हर्बर्ट यांच्या कामातून लिनक्स ३.९ मध्ये आली. 'रीयूज-पोर्ट'मुळे प्रत्येक चाइल्ड एकाच पोर्टवर आपलं स्वतंत्र सॉकेट उघडू शकतं आणि ग्राहकांची वाटणी कर्नल करतो. तिथेही एक चाइल्ड मेलं तर त्याच्या रांगेत उभे असलेले ग्राहक वाऱ्यावर जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

२०१९ मध्ये अँड्र्यू बाउमन आणि आणखी तीन संशोधकांनी एका निबंधात सरळ म्हटलं की फोर्कला आता निवृत्त करावं आणि विद्यार्थ्यांना तो इतिहास म्हणून शिकवावा. मला ते पटतं, अर्धं. थॉम्प्सन यांच्या २७ ओळी त्यांच्या यंत्रासाठी योग्य होत्या आणि सामाईक तक्ताही योग्य होता. चुकलं ते एवढंच की 'सगळं द्या, नको ते टाका' हा नियम पुढे कुणी उलटा केला नाही. बर्कलीने सॉकेट आणलं तेव्हा ती संधी होती. तेव्हा जुने प्रोग्राम नेटवर्कवर चालवण्याची घाई मोठी ठरली.

बीड-अंबाजोगाईकडच्या कॉलेजांतून सर्व्हर लिहायला निघालेल्या पोरापोरींनी यातलं एक ध्यानात ठेवावं: सी भाषेत सॉकेट उघडताना 'सॉक-क्लोएक्झेक' ही खूण सोबत लिहा, अ‍ॅक्सेप्टऐवजी 'अ‍ॅक्सेप्ट-फोर' वापरा. लिनक्स हे आजही स्वतःहून करत नाही.